सीपीएलसाठी अमेरिका: एम-१ की एफ-१?

ढगांपल्याड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होतं, डीजीसीएचा (भारताचा विमान वाहतूक नियामक) कॉम्प्युटर नंबर आहे, क्लास १ मेडिकल झालंय. बेत असा की सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याचं) आणि मल्टी-इंजिन अमेरिकेत करायचं, परत यायचं आणि परवाना इथे कन्व्हर्ट करून घ्यायचा. तिथे राहायचा विचार नाही.

दोन शाळांचा होकार आलाय. पहिली एम-१ चा (व्यावसायिक कोर्सचा स्टुडंट व्हिसा) आय-२० (व्हिसासाठीचं शाळेचं प्रवेशपत्र) देते, मुदत ११ महिने. दुसरी एफ-१ चा (शैक्षणिक कोर्सचा स्टुडंट व्हिसा) देते, मुदत २० महिने, त्यात इन्स्ट्रक्टरचा कोर्सही आहे आणि अर्थातच खर्च बराच जास्त. एजंटचं तिसरंच चाललंय: टूरिस्ट व्हिसा लवकर मिळतो, त्यावर जा, तिथे गेल्यावर स्टुडंटमध्ये बदलून घेऊ.

प्रश्न असे: ११ महिन्यांत हे सगळं बसतं का, आणि नाही बसलं तर काय? एफ-१ चे जादा पैसे नेमके कशाचे? एजंट म्हणतो ते शक्य आहे का? आणि व्हिसाच्या कटकटीपायी कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया जास्त सोयीचं पडेल का? पैसा कर्जाचा आहे, त्यामुळे नेमकं सांगाल तर बरं.

---

लॉगबुकवाला

आधी एजंटचा मुद्दा निकालात काढू. बी-१/बी-२ (टूरिस्ट) व्हिसावर परवान्यासाठीचं प्रशिक्षण घेता येत नाही. तिथे जाऊन स्टेटस बदलायचं तर आय-५३९ (स्टेटस बदलायचा किंवा मुदत वाढवायचा फॉर्म) अर्ज करावा लागतो, त्याला महिने लागतात, आणि मंजुरी येईपर्यंत एक तासही प्रशिक्षण सुरू करता येत नाही. शिवाय मुलाखतीत 'फिरायला चाललोय' म्हणून सांगितलं आणि मनात फ्लाइंग होतं असं निघालं, तर ती खोटी माहिती ठरते आणि तिची शिक्षा अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी, इथपर्यंत जाऊ शकते. एजंटला फी मिळून जाईल, नाव तुमचं खराब होईल. एजंट बदला.

आता मूळ प्रश्न. एम-१ की एफ-१ हे तुम्ही निवडत नाही, शाळा निवडता. ती ज्या प्रकारचा आय-२० देऊ शकते तोच व्हिसा. शाळेला एसईव्हीपीची (परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या शाळांना मान्यता देणारी अमेरिकन सरकारी यंत्रणा) मान्यता हवी, आणि फ्लाइंगसाठी ती एफएएच्या (अमेरिकेचा विमान वाहतूक नियामक) पार्ट १४१ खाली, म्हणजे मंजूर अभ्यासक्रमाची शाळा म्हणून, प्रमाणित हवी. पार्ट ६१ वर चालणारी छोटी शाळा कितीही स्वस्त असली तरी तिला परदेशी विद्यार्थ्यासाठी आय-२० देता येत नाही. त्यातही बहुतेक फ्लाइंग शाळा व्यावसायिक शिक्षणात मोडतात, म्हणून एम-१. एफ-१ विद्यापीठांकडे असतो (एम्ब्री-रिडल, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा वगैरे, जिथे पदवी आणि फ्लाइंग बरोबर चालतं) आणि काही मोजक्या अधिस्वीकृत शाळांकडे.

दोन्हींतला फरक कागदावर छोटा दिसतो, राहायला गेल्यावर मोठा होतो.

एम-१ वर तुम्हाला ठरावीक तारखेपर्यंतच प्रवेश मिळतो: कोर्सची मुदत अधिक परत जायला ३० दिवस, पण सगळं मिळून एका वर्षाच्या आत. शाळेने ११ महिने का लिहिलेत ते आता कळलं असेल. ११ अधिक १, बरोबर वर्ष. तुम्ही किती वेगाने उडाल याचा तो अंदाज नाही, नियमाचं माप आहे.

मुदत वाढवता येते, मूळ सुरुवातीपासून एकूण तीन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी डीएसओची (शाळेतला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) शिफारस आणि इमिग्रेशनकडे आय-५३९ लागतो, आणि तो मुदत संपायच्या १५ ते ६० दिवस आधीच्या खिडकीत भरायचा असतो. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणारे इथेच अडकतात. कारणही शैक्षणिक किंवा वैद्यकीय आणि खरोखर सबळ लागतं. अभ्यासात मागे पडून प्रोबेशनवर गेलात, तर ते कारण चालत नाही.

शाळा पटली नाही तर एम-१ वर बदली फक्त पहिल्या सहा महिन्यांत. नंतर बदलायची तर कारण तुमच्या हाताबाहेरचं असायला हवं. कोर्सचं उद्दिष्ट बदलता येत नाही. अमेरिकेत बसून एम-१ चा एफ-१ करता येत नाही, त्यासाठी बाहेर येऊन नवा व्हिसा काढावा लागतो. अर्धवेळ काम नाही, कॅम्पसवरही नाही. कोर्स संपल्यावर प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं ते दर चार महिन्यांच्या शिक्षणाला एक महिना, कमाल सहा. म्हणजे ११ महिन्यांना जेमतेम दोन. इन्स्ट्रक्टरची नोकरी लागून रुळायच्या आत ते संपतं.

एफ-१ वर मुक्काम 'ड्युरेशन ऑफ स्टेटस' असतो, म्हणजे तारीख ठरलेली नसते, शिक्षण चालू तोवर थांबता येतं. मुदत डीएसओच आय-२० वर वाढवतो, पण आय-२० संपायच्या आत. शाळा बदलणं सोपं, कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, कोर्स संपल्यावर जायला ६० दिवस मिळतात. ठरावीक तारीख लावायचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये आलाय, तेव्हा निघायच्या वेळी नियम काय आहे ते डीएसओला विचारून घ्या.

---

क्रॉसविंड

लॉगबुकवाला यांनी व्हिसाची बाजू नीट मांडली. पण मी उलट्या टोकाने सुरुवात करेन. तुम्हाला परत यायचंय ना? मग आधी डीजीसीएला काय हवं ते मांडा, त्यातून तास निघतील, तासांतून महिने निघतील, आणि महिन्यांतून व्हिसा.

पार्ट १४१ च्या अभ्यासक्रमांची किमान बेरीज अशी: प्रायव्हेट ३५, इन्स्ट्रुमेंट ३५, कमर्शियल १२०. एकूण १९० तास. एफएएच्या हिशेबाने तुम्ही पास. डीजीसीएला सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (पीआयसी, म्हणजे विमानाची कमांड स्वतःकडे असताना). इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळ, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त २०, आणि शिवाय पीआयसी म्हणून ५० तास क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे उड्डाण). रात्रीचे किमान ५ तास, त्यात १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग स्वतः कमांडवर. आणि ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून.

म्हणजे शाळेने किमानावर कोर्स गुंडाळला तर तुम्ही एकूण १० तास कमी घेऊन परत याल. आकडा छोटा वाटतो. पण कोर्स पूर्ण झाला अशी नोंद सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) पडली की एम-१ वर त्यापुढे प्रशिक्षण चालू ठेवता येत नाही, उरलेले ३० दिवस सामान बांधायचे. म्हणून शाळेला आत्ताच लेखी विचारा: आय-२० ज्या कोर्सवर काढताय त्यात एकूण किती तास आहेत, पीआयसी किती, इन्स्ट्रुमेंट किती, सिम्युलेटर किती, मल्टी किती? उत्तर '१४१ मिनिमम' असं आलं तर जादा तास त्याच आय-२० च्या कोर्समध्ये घालून मागा. नंतर वाढवू म्हणणारी शाळा तुमच्या आय-५३९ चं ओझं तुमच्याच डोक्यावर टाकतेय.

दुसरी गोम लॉगबुकात. एफएएच्या नियमाने, तुमच्याकडे त्या विमानाचं रेटिंग असेल तर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही तुम्ही पीआयसी वेळ लिहू शकता. मित्र हुड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) घालून उडतोय आणि तुम्ही बाहेर लक्ष ठेवणारे सेफ्टी पायलट, तेव्हाही दोघेही पीआयसी लिहितात. तिथे हे पूर्ण कायदेशीर आहे. इथे मात्र ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) म्हणजे ड्युअल, आणि एका पायलटच्या विमानात कमांडवर एकच माणूस. अशा ओळी वजा झाल्या की १२० पीआयसी दिसणारं लॉगबुक ८५ वर येतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून पीआयसीचा हिशेब स्वतःच्या नियमाने ठेवा: सोलो, किंवा प्रायव्हेट परवाना मिळाल्यावर इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याच्या कमांडवर उडवलेलं, तेवढंच धरा. शेअर केलेल्या टाइम-बिल्डिंगला स्वस्त म्हणून भुलू नका.

तिसरी गोष्ट तारखांची. डीजीसीए अलीकडचा अनुभव मागतं. पीआयसीच्या १०० पैकी १५ तास आणि रात्रीचे टेक-ऑफ-लँडिंग अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले लागतात. परत येऊन पेपर द्यायला बसलात तर हे सहा महिने भुर्रकन जातात आणि मग इथे पैसे भरून पुन्हा उडावं लागतं. जमतील तितके पेपर निघायच्या आधी काढून टाका. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन हे तर नक्कीच.

---

ढगांपल्याड

धन्यवाद, हे १९०-२०० चं गणित कुणीच सांगितलं नव्हतं. शाळेला मेल टाकला. मग २०० तास धरून ११ महिने पुरतात का? आणि कागदपत्रांचा क्रम कसा ठेवायचा? एकात एक अडकलेलं वाटतंय.

---

क्रॉसविंड

हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करा. ११ महिने म्हणजे साधारण ४७ आठवडे. पहिले तीन सुरक्षा मंजुरी, मेडिकल आणि ग्राउंडमध्ये (वर्गातला अभ्यास) जातात असं धरा. प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल अशा तीन चेकराइड (परीक्षकासोबतची परीक्षेची उड्डाणं). प्रत्येकीला परीक्षकाची तारीख मिळेपर्यंत दोन आठवडे, म्हणजे सहा. उरले ३८. दोनशे भागिले ३८, आठवड्याला सव्वापाच तास. प्रत्यक्ष हवेत, दर आठवड्याला, न चुकता. विमान वर्कशॉपमध्ये, इन्स्ट्रक्टर एअरलाइनला निघून गेला, हवा खराब, यातलं काहीही यात धरलेलं नाही. मल्टीची वेगळी चेकराइडही नाही.

सव्वापाच तास जमतात, पण त्यासाठी आठवड्याला आठ-नऊ स्लॉट बुक हवेत. शाळेला विचारायचा प्रश्न 'तुमच्याकडे किती विमानं आहेत' हा नाही. प्रश्न हा: दर विमानामागे विद्यार्थी किती, आणि मागच्या वर्षी एम-१ वरच्या किती जणांनी मुदतवाढ घेतली? फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की वादळं उठतात, त्यामुळे सकाळच्या स्लॉटसाठी मारामारी. ॲरिझोनात आकाश स्वच्छ, पण उन्हाळ्यातल्या गरम दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) इतका चढतो की छोट्या विमानाची चढण लंगडी पडते. पहिल्या सोलोचे आठवडे अशा काळात येणार नाहीत, अशी सुरुवातीची तारीख निवडा.

माझं मत: ११ महिन्यांचा एम-१ चालेल, पण नवव्या महिन्याच्या सुरुवातीला डीएसओसोबत बसून मुदतवाढ लागणार का हे ठरवायचं. अकराव्या महिन्याच्या मध्यावर खिडकी बंद होते.

---

रनवे२७

कागदपत्रांचा क्रम मी सांगतो, यात चुका ठरावीकच होतात.

पासपोर्ट पहिला. आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असेल, तर अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं. तेच नाव आय-२०, सुरक्षा तपासणीचं पोर्टल, एफएएची आयएसीआरए (परवान्याच्या अर्जाची वेबसाइट) आणि मेडिकल, सगळीकडे जसंच्या तसं जुळवत बसावं लागतं. निघायच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेणं हे सगळ्यांत स्वस्त काम आहे.

मग शाळेचा अर्ज, आर्थिक कागद, आणि आय-२०. आला की तीन गोष्टी बघा: जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग, प्रकार एम की एफ, आणि कोर्सच्या सुरुवात-शेवटच्या तारखा. वर कोपऱ्यातला एन ने सुरू होणारा नंबर म्हणजे तुमचा सेव्हिस आयडी. त्यावर आय-९०१ (सेव्हिसची) फी ३५० डॉलर, मुलाखतीच्या किमान तीन दिवस आधी भरलेली हवी. पावती छापून ठेवा.

डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) फॉर्ममध्ये व्हिसाचा प्रकार आय-२० शी जुळला पाहिजे. एफ टाकून एम चा आय-२० घेऊन खिडकीशी उभे राहिलात तर परत पाठवतात. अर्जाची फी १८५ डॉलर. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी २५० डॉलरची तरतूद आलीय, ती लागू आहे का ते फी भरायच्या दिवशी पाहा. जून २०२५ पासून एफ, एम, जे अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, आणि फॉर्मवर गेल्या पाच वर्षांतली खाती विचारतात. जुनं अकाउंट 'विसरलो' हे उत्तर चांगलं दिसत नाही.

ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रावर, मुलाखत वकिलातीत. स्टुडंट व्हिसा कोर्स सुरू व्हायच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देतात, त्यामुळे लवकर अर्ज करण्यात तोटा नाही. पण प्रवेश मात्र सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीच मिळतो, त्यापूर्वीचं तिकीट काढू नका.

मुलाखतीत एम-१ चा एक खास मुद्दा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. एफ-१ वाल्याला पहिल्या वर्षाचा पैसा हातात आणि पुढच्याची सोय दाखवायची असते. एम-१ वाल्याला संपूर्ण कोर्सची फी आणि संपूर्ण मुक्कामाचा खर्च तयार दाखवावा लागतो. कर्जाचं मंजुरीपत्र 'तत्त्वतः मान्य' अशा भाषेत असेल तर बँकेकडून पक्कं घ्या, रक्कम आणि चलन लिहिलेलं. आणि खात्यात मागच्या आठवड्यात अचानक आलेली रक्कम असेल तर ती कुठून आली याचा कागद बरोबर ठेवा.

'परत का येणार' या प्रश्नाला तुमच्याकडे चांगलं उत्तर आहे: डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, क्लास १ मेडिकल, पास झालेले पेपर. हे सगळं नेमकं इथल्या परवान्यासाठीच लागतं. फाइलमध्ये वर ठेवा. 'तिथे इन्स्ट्रक्टर होऊन १५०० तास करेन' असं उत्साहाच्या भरात बोललात तर २१४(बी) (परत जाल याची खात्री पटली नाही, हे कलम) खाली नकार स्वतःच मागून घेतल्यासारखं आहे. एम-१ वर ते शक्यही नाही.

२२१(जी) चा कागद मिळाला तर घाबरू नका, तो अंतिम नकार नसून जादा कागद किंवा तपासणीसाठी असतो. सुरुवातीची तारीख उलटून जाणार असं दिसलं की शाळेला तारीख पुढे ढकलायला सांगा. सेव्हिस आयडी तोच राहतो, ३५० डॉलर पुन्हा भरावे लागत नाहीत.

---

लॉगबुकवाला

यात टीएसए (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) राहिलं. व्हिसा मिळाला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही. परदेशी नागरिकाला प्रायव्हेट परवाना, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिनच्या प्रशिक्षणाआधी टीएसएच्या फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅमची मंजुरी लागते. जुन्या लेखांत याला एएफएसपी म्हटलेलं सापडेल; नियम २०२४ मध्ये बदलले. आता एकदा झालेली तपासणी पाच वर्षांपर्यंत धरतात, फी १४० डॉलर. पण प्रत्येक टप्प्याच्या प्रशिक्षणाची नोंद शाळेला पोर्टलवर करावीच लागते. पूर्वी दर टप्प्याला नवा अर्ज आणि नवी फी होती.

अर्जात मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते, मध्ये खंड न पडता. होस्टेलचे चार महिने गाळले की अर्ज लटकतो. व्हिसासाठी दिलेले ठसे इथे चालत नाहीत, वेगळे द्यावे लागतात. हे काम तिथे पोचल्यावर करायचं म्हटलं की क्रॉसविंड यांनी धरलेले तीन आठवडे पाच होतात, आणि एम-१ चं घड्याळ तर चालूच असतं. खातं उघडणं, पत्ते भरणं, शाळेकडून विनंती पक्की करून घेणं हे इथूनच उरका.

पोचल्यावर आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ऑनलाइन काढून पाहा. तुम्हाला किती दिवस राहता येईल ते त्यावरच्या तारखेवर ठरतं, पासपोर्टमधल्या व्हिसाच्या तारखेवर नाही. एम-१ असून तिथे 'डी/एस' (ड्युरेशन ऑफ स्टेटस) पडलं असेल किंवा वर्ग चुकला असेल तर पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. पत्ता बदलला तर १० दिवसांत डीएसओला कळवायचं.

हजेरीचंही बघा. एम-१ वर पूर्णवेळ म्हणजे वर्गातलं शिक्षण जास्त असेल तर आठवड्याला १८ तास, प्रत्यक्ष काम जास्त असेल तर २२. पाऊस पडतोय म्हणून घरी बसलात आणि ग्राउंडही लावलं नाही, तर हे तास भरत नाहीत. फक्त आजारपणात सूट मिळते, तीही डीएसओने आधी मंजूर केली तरच.

---

पिटो_ट्यूब

एफ-१ बद्दल वेगळा सूर लावतो. इथे ओपीटीचं (एफ-१ वर शिकून झाल्यावर काम करायची परवानगी) गाजर फार दाखवलं जातं. १२ महिने काम करता येतं हे खरं, पण त्याआधी किमान एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं हवं, अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंतच, आणि ओपीटीत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर स्टेटस जातं. इन्स्ट्रक्टरची नोकरी शाळा देईलच असं नाही. 'प्राधान्य दिलं जाईल' हे वाक्य करारात नसतं, फक्त माहितीपत्रकात असतं.

आणि मिळाली तरी तुम्हाला तिचा उपयोग काय? अमेरिकन एअरलाइनला १५०० तासांची अट आहे, म्हणून तिथली मुलं इन्स्ट्रक्टर होतात. इथे २०० तासांचा सीपीएल आणि टाइप रेटिंगवर (विशिष्ट प्रकारचं विमान उडवायची पात्रता) सहवैमानिक होता येतं. तुम्हाला राहायचं नाही म्हणता, मग नऊ महिने जास्त राहणं, खाणं आणि इन्स्ट्रक्टर कोर्सची फी हे सगळं कर्जावर वाढवून काय हाती लागणार?

---

लॉगबुकवाला

बहुतांशी पटलं. एकच भर. एफ-१ ची खरी किंमत ओपीटीत नाही, बदलीच्या स्वातंत्र्यात आहे. फ्लाइंग शाळा अचानक बंद पडतात, विमानं विकली जातात, हे नवीन नाही. एम-१ वर सातव्या महिन्यात असं झालं तर कारण हाताबाहेरचं म्हणून बदली मिळते, पण अर्ज इमिग्रेशनकडे जातो आणि तुम्ही तोवर टांगलेले. एफ-१ वर डीएसओ सेव्हिसमधून रेकॉर्ड पुढच्या शाळेला पाठवतो, संपलं. पदवी घ्यायची असेल तर एफ-१ शिवाय मार्गच नाही. पण फक्त परवाना हवा असेल तर तुमच्या बाबतीत मीही एम-१ च म्हणेन.

हा धोका कमी करायचा तर फी एकदम भरू नका. आय-२० साठी अनामत, मग तासांच्या टप्प्यांनी खात्यात पैसे. व्हिसा नाकारला तर किती परत, मधेच सोडलं तर न उडालेल्या तासांचे किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. पॅकेजवर सूट देतो म्हणून सगळी रक्कम आधी मागणारी शाळा सगळ्यांत महाग पडू शकते. कर्जातून थेट परदेशी शाळेला गेलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक घेते तो कर) लागत नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर लागतो, तो आयकरात जमा धरला जातो. त्यामुळे रक्कम कोणत्या खात्यातून जातेय ते बँकेशी आधी बोला.

---

दिशादर्शक

कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात.

कॅनडात कोर्स सहा महिन्यांहून मोठा असेल तर स्टडी परमिट, आणि शाळा डेझिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन (परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेली) हवी. २०२४ पासून प्रांताचं ॲटेस्टेशन लेटरही लागतं आणि जागा मर्यादित आहेत. झटपट मंजुरीची एसडीएस वाट नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. फी सोडून एका माणसाच्या राहण्याचे म्हणून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२५ पासूनचा आकडा. तिथला सीपीएल २०० तासांचाच आहे, त्यामुळे कन्व्हर्जनचं गणित जवळ जुळतं. हिवाळ्यात मात्र दिवस छोटे आणि बर्फ, उडण्याचे तास तिथे आपोआप घटतात. मुदत निदान दीड वर्ष धरा.

ऑस्ट्रेलियात सबक्लास ५०० (स्टुडंट व्हिसा). कोर्स क्रायकॉस (परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्सची सरकारी यादी) नोंदणीचा हवा, तो बहुधा डिप्लोमाच्या रूपात असतो. व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, नाकारला तरी परत नाही. काम पंधरवड्याला ४८ तास चालतं, हा फायदा. पण तिथे एक सापळा आहे: इंटिग्रेटेड कोर्सने सीपीएल १५० तासांवर मिळतो. डीजीसीएला २०० हवेत. उरलेले ५० तास कोण उडवणार आणि कोणत्या व्हिसावर, हे आधी विचारा. डिप्लोमा संपल्यावर शाळेचा तुमच्याशी संबंध संपतो.

---

ढगांपल्याड

पहिल्या शाळेचं उत्तर आलं. कोर्स १९० तासांचा आहे, 'गरज पडल्यास तास वाढवता येतील' म्हणतात. पीआयसी ९०, सिम्युलेटर इन्स्ट्रुमेंटमध्ये १४ तास. मल्टीचे १२. काय मागू?

---

क्रॉसविंड

हे मागा. एकूण २१०, कारण चेकराइडसाठीचे आणि लॉगबुकात वाद होणारे तास धरून दहाची उशी लागते. पीआयसी ११०, त्यात इन्स्ट्रक्टरशिवायची क्रॉस कंट्री ५५. इन्स्ट्रुमेंट ४२, सिम्युलेटर १४ चालेल, २० च्या आत आहे. ३०० मैलांची क्रॉस कंट्री आणि १० रात्रीची सोलो टेक-ऑफ-लँडिंग अभ्यासक्रमात नावानिशी. यातलं रात्रीचं काम कोर्सच्या शेवटच्या दोन महिन्यांत ठेवायला सांगा, म्हणजे सहा महिन्यांचं घड्याळ उशिरा सुरू होईल. इन्स्ट्रुमेंटची चेकराइड मल्टीवर देता येईल का तेही विचारा, इथे त्याचा उपयोग होतो.

हे सगळं आय-२० च्या कोर्समध्ये आणि करारात आलं तर मुदतीचा शेवट त्यानुसार पडतो का ते पाहा. २१० तास ११ महिन्यांत म्हणजे आठवड्याला साडेपाच. शाळा हो म्हणाली तर वेळापत्रक मागा, नुसता होकार नको.

---

रनवे२७

आणि परत येताना एक काम तिथेच उरका. एफएएच्या परवान्यावर अमेरिकेतला पत्ता नसेल तर आता तिथला एक प्रतिनिधी त्यांच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो, नाहीतर परवाना वापरता येत नाही. पत्ता भारताचा करण्याआधी हे करा. डीजीसीए परवान्याची पडताळणी थेट एफएएकडून मागतं, त्यासाठी एफएएचा विनंती फॉर्म कोर्स संपायच्या आठवड्यातच भरून टाका. लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर इन्स्ट्रक्टरची सही आणि शाळेचा शिक्का असेपर्यंत विमानतळाकडे निघू नका. तिथला इन्स्ट्रक्टर तीन महिन्यांनी दुसऱ्या राज्यात उडत असतो आणि मेलला उत्तर देत नाही.